मेमरीच्या रांगेत छत्रपती संभाजीनगर

१४९ आणि २३९. सॅमसंगच्या ३२ जीबी डीडीआर५ मेमरी मॉड्यूलचा करारभाव सप्टेंबर २०२५ मध्ये १४९ डॉलर होता; नोव्हेंबरात तो २३९ डॉलरवर गेला, अशी बातमी रॉयटर्सने १४ नोव्हेंबरला दिली. दोन महिन्यांत ६० टक्के वाढ. १६ जीबीचं मॉड्यूल जवळपास ५० टक्क्यांनी महागून १३५ डॉलरवर आणि १२८ जीबीचं १,१९४ डॉलरवर पोहोचलं. हे भाव मोठ्या खरेदीदारांशी ठरलेल्या करारांचे आहेत. निराला बाजारातल्या किंवा समर्थनगरातल्या काउंटरवर रॅमची एक पट्टी मागणाऱ्या गिऱ्हाईकापर्यंत ते यायचे, तर वाटेत कर, वाहतूक आणि दोन-तीन हातांचा नफा मिळवावा लागतो.

तेवढं सोडून फक्त कर धरून हिशेब करू. डॉलर ८८ रुपयांचा मानला, तर सप्टेंबरात ३२ जीबीचं मॉड्यूल १३,११२ रुपयांना पडत होतं. मेमरीवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, पण १८ टक्के जीएसटी लागतो. तो २,३६० रुपये झाला, एकूण १५,४७२. नोव्हेंबरात मूळ किंमत २१,०३२, कर ३,७८६ आणि एकूण २४,८१८ रुपये. फरक ९,३४६ रुपयांचा. त्यानंतर ३ डिसेंबर २०२५ ला रुपयाने डॉलरमागे ९० ची पातळी पहिल्यांदा ओलांडली. त्या दराने तेच २३९ डॉलरचं मॉड्यूल करासह २५,३८२ रुपयांचं होतं. म्हणजे कारखान्याने भावाला हातही न लावता आणखी ५६४ रुपये चढले.

आता हेच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला लावून बघा. ३० संगणक, प्रत्येकात १६ जीबीची एक पट्टी. जुना भाव सुमारे ९० डॉलर धरला, तर करासह २,८०,३६८ रुपये. नव्या भावाने ४,२०,५५२. नुसत्या मेमरीपायी १,४०,१८४ रुपये जास्त, एका संगणकामागे ४,६७३. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला जीएसटी-नोंदणीकृत उद्योजक त्यातला कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेऊ शकतो. कॉलेजला ते शक्य नाही, कारण मान्यताप्राप्त पदवीचं शिक्षण करमुक्त आहे आणि जिथे विक्रीवर कर नाही तिथे खरेदीवरचा कर परत मिळत नाही. घरी मुलासाठी संगणक जुळवून घेणाऱ्या कुटुंबाचीही तीच गत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. वैजापूर किंवा कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याने मुलीला शिकायला शहरात ठेवलं असेल, तर तिच्या संगणकातली ही एका पट्टीवरची वाढ ६० किलो कापसाची आहे. तीही हमीभावाने विकला गेलेल्या कापसाची. आणि हा सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं गेल्यानंतरचा हंगाम होता.

ही वाढ कुठून आली? उत्तर एका कपाटात आहे. एनव्हिडियाचं जीबी२०० एनव्हीएल७२ नावाचं, एआयच्या कामासाठी बनवलेलं सर्व्हरचं एक कपाट असतं. त्यात ७२ जीपीयू बसतात. त्या जीपीयूंना चिकटलेली एचबीएम प्रकारची मेमरी १३.४ टीबीपर्यंत असते आणि त्यांच्यासोबतच्या प्रोसेसरसाठी एलपीडीडीआर५एक्स प्रकारची मेमरी १७ टीबीपर्यंत. दुसरा प्रकार नीट लक्षात घ्यायला हवा, कारण एलपीडीडीआर ही मोबाइलची मेमरी आहे. ८ जीबीचा एक फोन धरला, तर एका कपाटातली १७ टीबी म्हणजे सुमारे २,१२५ फोनची मेमरी. पैठण गेटच्या मोबाइल दुकानांतून विकल्या जाणाऱ्या फोनला जी जात लागते, तीच आता सर्व्हरलाही लागते.

एचबीएमचा हिशेब याहून कडक आहे. या प्रकारात मेमरीच्या चकत्या एकावर एक रचून त्यांच्यातून आरपार जोडण्या काढतात. त्यात जागा जास्त जाते आणि माल बादही जास्त होतो. मायक्रॉनने स्वतः सांगितलेलं प्रमाण तीनास एक असं आहे: जेवढ्या सिलिकॉनमध्ये साध्या डीडीआर५ चे तीन जीबी निघतात, तेवढ्यात एचबीएमचा एक निघतो. म्हणजे कपाटातल्या १३.४ टीबीसाठी सुमारे ४० टीबी साध्या मेमरीइतकं सिलिकॉन खर्ची पडतं. १६ जीबीचे अडीच हजार लॅपटॉप त्यातून निघाले असते. एक कपाट म्हणजे दोन हजारांवर फोन अधिक अडीच हजार लॅपटॉप, आणि अशी कपाटं हजारांनी लागत आहेत.

किती पैसा ओतला जातोय याची कल्पना तीन कंपन्यांवरूनच येते. २०२५ या एका वर्षाच्या भांडवली खर्चाचा अंदाज अल्फाबेटने ९१ ते ९३ अब्ज डॉलर, मेटाने ७० ते ७२ अब्ज आणि अॅमेझॉनने सुमारे १२५ अब्ज डॉलर सांगितला होता. खालची बाजू धरून बेरीज २८६ अब्ज, म्हणजे २५ लाख कोटी रुपये. महाराष्ट्र राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. तीन कंपन्यांचा एका वर्षाचा हा खर्च आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या साडेतीन पट होतो. तो सगळा एआयवर नसला, तरी मोठा भाग तिकडेच चालला आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने आपल्या स्टारगेट या डेटा सेंटर प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी इरादापत्रं केली. त्यात महिन्याला ९ लाख डीरॅम वेफरचं, म्हणजे मेमरीच्या चिप ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या तबकड्यांचं, लक्ष्य आहे. जगाच्या एकूण डीरॅम क्षमतेच्या हे सुमारे ४० टक्के होतं, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. इरादापत्र म्हणजे पक्की ऑर्डर नसते, पण बाजाराने इशारा घेतला.

आता हाच हिशेब आपल्या जिल्ह्यातून मांडतो. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक पट्ट्यात एथर एनर्जीचा विजेवरच्या स्कूटरचा कारखाना येतो आहे. गुंतवणूक २,००० कोटी, क्षमता टप्प्याटप्प्याने वर्षाला १० लाख गाड्यांची. एथरच्या ४५० एक्स गाडीच्या डॅशबोर्डमध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून २ जीबी रॅम आहे. प्रत्येक गाडीत तेवढी धरली, तर पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या या कारखान्याला वर्षभरात २,००० टीबी मेमरी लागेल. वर सांगितलेल्या कपाटांतली फोनजातीची मेमरी १७ टीबीच्या हिशेबाने मोजली, तर ११८ कपाटांत तेवढी मावते. दहा लाख स्कूटर एका बाजूला, एका मध्यम डेटा सेंटरमधली ११८ कपाटं दुसऱ्या बाजूला. मेमरीची पिढी दोन्हीकडे वेगळी असेल, पण वेफर बनवणारे कारखाने त्याच तीन मेमरी कंपन्यांचे, म्हणजे एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉनचे आहेत, आणि कोणत्या गिऱ्हाईकाला आधी माल द्यायचा हे त्याच ठरवतात.

म्हणून मला वाटतं, या टंचाईत भावापेक्षा वाटप जास्त महत्त्वाचं आहे. भाव सगळ्यांना दिसतो, त्यावर बातमी होते. माल कुणाला मिळाला, किती काळासाठी राखून ठेवला गेला आणि रांगेत कोण कितव्या नंबरावर आहे, हे कुठेच नोंदलं जात नाही. छत्रपती संभाजीनगरसारखं शहर या रांगेच्या शेवटी उभं आहे. इथला ग्राहक वर्षाचा करार करत नाही, आगाऊ पैसे भरून क्षमता राखून ठेवत नाही. तो हजर भावाने, एक-दोन पट्ट्या घेतो. करारात गेलेला माल वजा केल्यावर जे उरतं, त्यातून त्याला मिळतं.

पुरवठ्याच्या बाजूला तीनच मोठी नावं आहेत: एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत त्यांचे ढोबळ वाटे ३३, ३३ आणि २६ टक्के होते. बाजार किती एकवटला आहे हे मोजायची एक रूढ रीत आहे, प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज करायची. इथे ती २,८०० च्या वर जाते. अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरण मार्गदर्शिकेत १,८०० च्या वरचा बाजार अतिशय एकवटलेला मानतात. हे एका रात्रीत झालेलं नाही. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये बुडाली आणि २०१३ मध्ये मायक्रॉनने ती विकत घेतली. प्रत्येक मंदीत एकेक जण गळत गेला.

या कंपन्यांची बाजूही आकड्यांतच मांडायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. २०२३ मध्ये मेमरीचा भाव कोसळला होता. त्या वर्षी सॅमसंगच्या चिप विभागाला १४.८८ लाख कोटी वॉनचा आणि एसके हायनिक्सला ७.७३ लाख कोटी वॉनचा परिचालन तोटा झाला. त्यांनी उत्पादन कमी केलं, विस्तार थांबवला. मेमरीचा नवा कारखाना उभा राहून त्यातून माल निघायला दोन-तीन वर्षं लागतात. २०२३ मध्ये जी वीट रचली गेली नाही, तिची उणीव २०२५ मध्ये भासली. मग वारं फिरलं. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत एसके हायनिक्सचा परिचालन नफा ११.३८ लाख कोटी वॉन होता, विक्रीच्या ४७ टक्के. त्याच वेळी कंपनीने सांगितलं, की २०२६ ची जवळपास सगळी क्षमता आधीच विकली गेली आहे. जानेवारी २०२६ मध्ये ट्रेंडफोर्स या बाजारसंशोधन संस्थेने पहिल्या तिमाहीत करारभाव आणखी ५५ ते ६० टक्क्यांनी वाढण्याचा अंदाज दिला. ज्यांनी २०२३ मध्ये एवढा तोटा सोसला, ते आता घाईने नवे कारखाने उभारणार नाहीत, हे समजण्यासारखं आहे.

समजण्यासारखं असलं, तरी त्याची किंमत कुणी मोजायची हा प्रश्न राहतोच. ३ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे रुपया नव्वदीपार गेला त्याच दिवशी, मायक्रॉनने जाहीर केलं की क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी आणि एसएसडी विकण्याचा धंदा फेब्रुवारी २०२६ अखेर बंद होईल. २९ वर्षांचा हा ब्रँड. कारण कंपनीने लपवलं नाही: डेटा सेंटरमधल्या एआयच्या मागणीमुळे मोठ्या, धोरणात्मक ग्राहकांना माल पुरवायचा आहे. संगणक जुळवून देणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदाराच्या दृष्टीने यात एक भरवशाचं नाव कमी झालं. वाटपाचा निर्णय इतक्या उघडपणे क्वचितच समोर येतो.

त्यातच एक तारीख आड आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार संपवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे २०१७ च्या आधीचं बहुतेक यंत्र अधिकृतपणे बाद. कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांत तर किमान १६ जीबी रॅमची अट आहे. एआयने मेमरी दोन्ही टोकांनी ओढली: डेटा सेंटरमध्येही आणि टेबलावरच्या यंत्रातही. एमएस-सीआयटीची केंद्रं, सेतू केंद्रं, करसल्लागारांची कार्यालयं, चिकलठाण्यातले जॉब वर्क करणारे छोटे कारखाने, यांच्याकडची अनेक यंत्रं याच वयाची आहेत. ज्या हंगामात ती बदलायला हवी होती, नेमक्या त्याच हंगामात मेमरी महागली.

स्वस्त फोनचंही तसंच. काउंटरपॉइंट या संस्थेच्या डिसेंबर २०२५ च्या अंदाजानुसार २०० डॉलरच्या आतल्या फोनचा घटकखर्च त्या वर्षात २० ते ३० टक्क्यांनी वाढला, महागड्या फोनचा १० ते १५ टक्क्यांनी. फोन जितका स्वस्त, तितका त्याच्या खर्चात मेमरीचा हिस्सा मोठा, म्हणून फटकाही मोठा. शिकाऊ विद्यार्थी वापरतात ते रास्पबेरी पाय हे छोटं संगणक-बोर्डही सुटलं नाही. १६ जीबीचं पाय ५ हे डिसेंबर २०२५ मध्ये १२० वरून १४५ डॉलर झालं, ८ जीबीचं ८० वरून ९५.

इथून नियमनाकडे वळतो, आणि इथेच माझी तक्रार आहे.

मेमरीच्या धंद्यात साटंलोटं झाल्याचा इतिहास आहे. १९९९ ते २००२ या काळातल्या भावनिश्चितीबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने इन्फिनियनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी, सॅमसंगला ३० कोटी आणि एल्पिडाला ८.४ कोटी डॉलरचा दंड केला. माहिती देऊन सहकार्य केल्यामुळे मायक्रॉन सुटली. युरोपीय आयोगाने २०१० मध्ये त्याच प्रकरणात ३३.१ कोटी युरोचा दंड ठोठावला. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांनी २०१६-१७ च्या भाववाढीवर दावा लावला, तेव्हा तो टिकला नाही. तिघांनी एकाच वेळी पुरवठा आवळला, एवढ्यावरून त्यांच्यात करार होता असं सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि २०२२ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. कायद्याच्या नजरेत एकसारखं वागणं आणि संगनमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या टंचाईला तर मागणीचं उघड कारण आहे. त्यामुळे संगनमताचा आरोप मी करत नाही. तसा पुरावा समोर नाही.

आपल्याकडे स्पर्धा कायदा २००२ चा आहे. कलम ३ संगनमतासाठी, कलम ४ प्रभुत्वाच्या गैरवापरासाठी. कलम ३२ प्रमाणे परदेशात घडलेल्या पण भारतातल्या बाजारावर परिणाम करणाऱ्या कृतीचीही स्पर्धा आयोग चौकशी करू शकतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दंड जागतिक उलाढालीवर मोजता येतो. आयोगाचे दात खरे आहेत हे जून २०१२ मध्ये दिसलं, तेव्हा सिमेंट कंपन्यांवर ६,००० कोटींच्या वर दंड बसला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने एआय आणि स्पर्धा या विषयावर बाजार अभ्यासही प्रसिद्ध केला. संगणनक्षमता आणि विदा मोजक्या हातांत एकवटण्याची चिंता त्यात आहे. मार्च २०२४ च्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मात्र सर्च इंजिन, समाजमाध्यमं, ऑनलाइन बाजारपेठा अशा सेवांपुरता आहे. मेमरीचा कारखाना त्यात बसत नाही.

ही सगळी हत्यारं भाव किंवा संगनमत पकडण्यासाठी घडवलेली आहेत. कंपनीने उघडपणे, कायद्याच्या चौकटीत, लहान ग्राहक सोडून मोठा ग्राहक निवडला, तर त्याला कोणतं कलम लावणार?

कांद्याचं उदाहरण घ्या, कारण टंचाईत सरकार काय करतं हे आपल्या भागाला त्यावरूनच ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ दुकानदाराला २ टन अशी साठ्याची मर्यादा घातली गेली होती. लासूर स्टेशन आणि वैजापूरच्या कांदा उत्पादकांनी याची झळ सोसली आहे, त्यामुळे तसला घाव मेमरीच्या व्यापाऱ्यावर घाला असं मी कधीच म्हणणार नाही. पण कांद्याच्या बाबतीत सरकार एक काम चांगलं करतं. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग देशभरातल्या ५५० केंद्रांवरून ३८ खाद्यवस्तूंचे भाव रोज गोळा करतो. मेमरीच्या पट्टीसाठी, एसएसडीसाठी, साध्या लॅपटॉपसाठी अशी रोजची नोंद नाही. घाऊक किंमत निर्देशांकात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा गट आहे, पण तो महिन्याला येतो आणि त्यात मेमरी वेगळी दिसत नाही. ज्या वस्तूचा भाव दोन महिन्यांत ६० टक्के वाढू शकतो, तिच्यासाठी हे फार तोकडं आहे. रोजचा भाव जाहीर झाला, तर वाढ कारखान्यातून आली की मधल्या गोदामातून, हे कळेल. आज ते कळायला मार्ग नाही.

ग्राहकाच्या हातात एक कागद असतो, एमआरपीचा. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे आयात केलेल्या पाकिटावरही ती छापावी लागते आणि आधीच्या मालावर चढी किंमत चिकटवता येत नाही. मात्र संगणकाच्या सुट्या भागांवरची एमआरपी खऱ्या विक्रीभावापेक्षा बरीच वर ठेवलेली असते, त्यामुळे भाव दीडपट झाला तरी बहुधा तिच्या आतच राहतो. जिथे तो छापील किमतीच्याही वर गेला असेल, तिथे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार जरूर करावी. हे हत्यार लहान आहे, पण हाताशी आहे.

आयातीच्या बाजूला उलटा धोका संभवतो. ३ ऑगस्ट २०२३ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन आणि सर्व्हर यांच्या आयातीला परवान्याची अट घातली. गदारोळ झाल्यावर ती पुढे ढकलली गेली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून तिच्या जागी नोंदणी करून परवानगी देणारी आयात व्यवस्थापन प्रणाली आली. मेमरीच्या पट्ट्या त्यात येत नाहीत. टंचाईच्या काळात ही प्रणाली आणखी आवळली, तर आधीच रांगेत मागे असलेला छोटा आयातदार बाहेर फेकला जाईल आणि नोंदणीची कागदपत्रं सहज करणाऱ्या मोठ्यांनाच माल मिळेल. देशी उत्पादनाला बळ देण्याचा हेतू चांगला आहे, पण मेमरीचं वेफर आपल्याकडे बनतच नाही. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा २७५ कोटी डॉलरचा प्रकल्प आहे. त्याचा ५० टक्के खर्च केंद्राने आणि २० टक्के गुजरातने उचलला आहे. तिथे जुळणी आणि चाचणी होते, वेफर बाहेरून येतं. म्हणजे ७० टक्के सार्वजनिक पैसा ज्या मालात गेला, तो कुणाला विकायचा हे मात्र कंपनीच ठरवते. करार करतानाच देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी आणि लघुउद्योगांसाठी काही टक्के माल राखून ठेवण्याची अट घालायला हवी होती. पुढच्या प्रकल्पांना ती घालता येईल. केंद्राच्या सेमीकंडक्टर मोहिमेत ऑगस्ट २०२५ पर्यंत मंजूर झालेल्या १० प्रकल्पांत महाराष्ट्रातला एकही नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

वाटप सरकारला जमत नाही असं नाही. मार्च २०२४ मध्ये १०,३७१.९२ कोटींची इंडियाएआय मोहीम मंजूर झाली. १०,००० जीपीयूंचं लक्ष्य होतं, ३८,००० पर्यंत मजल गेली, आणि नवउद्योग व संशोधकांना ते सरासरी तासाला ६५ रुपयांत देण्याची सोय झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला एखादा संशोधक त्यासाठी अर्ज करू शकतो. सवलत कुणाला, किती तास, कोणत्या कामासाठी, हे सगळं तिथे ठरवून दिलेलं आहे. एवढी काटेकोर व्यवस्था जीपीयूसाठी होते, तर त्या जीपीयूपर्यंत पोहोचायला जो साधा संगणक लागतो त्याचा विचार कुणी करायचा?

सरकारी खरेदीत सुधारणा लगेच शक्य आहे. निविदेतला दर काही महिन्यांसाठी बांधलेला असतो. दोन महिन्यांत ६० टक्के हलणाऱ्या वस्तूवर असा दर देताना पुरवठादार एकतर आधीच फुगवून भाव भरतो किंवा काम मिळाल्यावर पाठ फिरवतो. दोन्हीत नुकसान जिल्हा परिषदेच्या शाळेचं. रस्त्यांच्या कंत्राटात डांबर आणि सिमेंटच्या भावफरकाचं कलम वर्षानुवर्षं आहे. तसं मेमरीसाठी, एखाद्या जाहीर निर्देशांकाला बांधून, घालता येईल. भाव उतरला तर ते कलम शाळेच्या बाजूने काम करेल. शिवाय यंत्र आणि मेमरी वेगवेगळी मागवून, आज ८ जीबी बसवून दुसरी खाच मोकळी ठेवण्याची अट घालता येईल. काही लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. अशी यंत्रं सध्या टाळलेलीच बरी.

वाहन उद्योगाने हा धडा एकदा घेतला आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बनवणाऱ्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, मागणी परतल्यावर ते रांगेत मागे पडले, आणि जून २०२२ मध्ये बजाज ऑटोला चिपटंचाईचा फटका शेअर बाजाराला कळवावा लागला. कारखाने कमी पाळ्यांवर चालले की काय होतं, हे बजाजला माल देणारे वाळूजचे पुरवठादार जाणतात. मोठ्या कंपनीने तेव्हापासून दीर्घ करार आणि पर्यायी पुरवठादार शोधले. शाळा, शिकवणी केंद्र, छोटं वर्कशॉप हे एकेकटे ते करू शकत नाहीत. पण जिल्ह्यातल्या दहा-पंधरा संस्थांनी एकत्र मागणी नोंदवली, तर निदान वितरकाशी तरी करारभावाने बोलता येतं. मसिआसारख्या उद्योजक संघटनेला किंवा विद्यापीठाला हे अवघड नाही.

तोवरचा काळ निभावायचा हिशेबही आकड्यांत बसतो. मायक्रॉनच्या अमेरिकेतल्या आयडाहोच्या नव्या कारखान्यातून पहिलं वेफर २०२७ च्या मध्याला निघेल, असं कंपनीने सांगितलं आहे. माल बाजारात यायला त्यानंतरही वेळ लागेल, म्हणजे २०२६-२७ चं शैक्षणिक वर्ष तरी टंचाईतच जाणार. दुसरीकडे, शैक्षणिक परवाना असलेल्या संस्थांना विंडोज १० चे सुरक्षा अद्ययावतीकरण प्रत्येक यंत्रामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलरला मिळतं. तीन वर्षांचे ७ डॉलर, म्हणजे ९० च्या दराने ६३० रुपये. ३० संगणकांच्या प्रयोगशाळेसाठी १८,९००. त्याच प्रयोगशाळेला नवी मेमरी घेताना जे जास्तीचे मोजावे लागतात ते १,४०,१८४. ही मुदत ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालते, आयडाहोचं वेफर निघण्याच्या वर्षभर पुढेपर्यंत. ज्या संस्थांची यंत्रं अजून चालू आहेत, त्यांनी यंदा नवी खरेदी करण्याआधी हा परवाना मागावा; आणि बंद पडलेल्या यंत्रांतल्या चालू पट्ट्या भंगारात जाण्याआधी काढून, तपासून, नोंदवून ठेवाव्यात. विद्यापीठ परिसरातल्या नायलिट या संगणक प्रशिक्षण संस्थेमध्ये आणि शहरातल्या आयटीआय, तंत्रनिकेतनांमध्ये हे काम जाणणारे शिक्षक आणि विद्यार्थी आहेत.